नत्राची तोटी

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्हा दोघांच्या नावे एक पत्र आले. पाठवणारा आमचा जुना विद्यार्थी. श्रीरामपुरात त्याने मराठी विषय घेऊन बी.ए. केले. पुढे पत्नीच्या नोकरीमुळे तो अमेरिकेत ओहायो राज्यात गेला आणि तिथेच स्थिरावला. पत्रात कुशल विचारून झाल्यावर त्याने एक प्रश्न टाकला होता. घराच्या तळघरात तो स्वतः बिअर बनवतो. पिंपातून ती काढण्यासाठी त्याच्याकडे दोन तोट्या आहेत. आता तिसरी, नायट्रोजन वायूवर चालणारी तोटी बसवावी की नाही, असा तो प्रश्न होता. "शास्त्राची बाजू मला समजते, पैशांचीही अडचण नाही. तरी सर, मॅडम, तुम्ही सांगा," असे त्याने लिहिले होते.

पहिल्या वाचनात आम्हांला हसू आले. मराठीच्या प्राध्यापकांना विचारण्याचा हा प्रश्न नव्हे. पण पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या, त्या वाचल्यावर हसू मावळले. "मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी येत आहे. तळघराला कुलूप लावावे असे हिचे मत आहे." या बाई आम्हांला परिचित आहेत. त्यांचा धाकटा भाऊ हातभट्टीच्या दारूने गेला. पुढे गावातले दुकान बंद करण्यासाठी जेव्हा बायकांचे मतदान मागण्यात आले, तेव्हा दारोदार फिरणाऱ्यांत त्या पुढे होत्या. म्हणजे प्रश्न तोटीचा होता तसाच कुलपाचाही होता. आमच्या वर्गात 'एकच प्याला' शिकलेल्या मुलाने तो आम्हांलाच विचारावा, यात मग काही वावगे वाटेना. उत्तर देण्यासाठी आम्ही थोडा इतिहास चाळला. तो त्याच्यापुरता ठेवण्यासारखा नाही, म्हणून हा लेख.

१

प्रथम तोटीविषयी. बिअरला फेस येतो तो कर्बद्विप्राणिल, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूमुळे. आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व हा वायू बाहेर टाकते. हा वायू पाण्यात सहज विरघळतो. त्यातून सौम्य आम्ल तयार होते आणि जिभेला तो परिचित चुरचुरीत चटका बसतो. नायट्रोजनची प्रकृती याच्या उलट आहे. तो पाण्यात फारच थोडा विरघळतो. त्याच तपमानाला आणि दाबाला कार्बन डायऑक्साइड जितका विरघळेल, त्याच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्याइतकाच. म्हणून त्याला जास्त दाबाने द्रवात कोंबावे लागते. साध्या तोटीला दर चौरस इंचाला दहा-बारा पौंड दाब पुरतो, तर नायट्रोच्या तोटीला तीस-पस्तीस पौंड लागतो. तोटीच्या तोंडाशी बारीक छिद्रांची एक चकती असते. तिच्यातून बिअर रेटली गेली की विरघळलेला वायू असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. हे बुडबुडे लवकर फुटत नाहीत, कारण भोवतालच्या हवेतच अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असल्यामुळे आतल्या वायूला बाहेर पळण्याची घाई नसते. परिणामी सायीसारखा दाट फेस बसतो, चटका नाहीसा होतो आणि पेय मऊ लागते.

ही युक्ती आयर्लंडच्या गिनेस कंपनीची. या कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभापासून गणिती आणि रसायनतज्ज्ञ पदरी बाळगले होते. संख्याशास्त्रात 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला विल्यम गॉसेट हा तिचाच नोकर. कंपनी आपल्या लोकांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून १९०८ चा त्याचा सुप्रसिद्ध निबंध टोपणनावाने आला. पुढे केंब्रिजचा गणिती मायकेल अ‍ॅश याच्यावर एक काम आले. जुन्या पद्धतीत गुत्तेदार दोन पिंपांतून, एकातून जोमदार फसफसणारी आणि दुसऱ्यातून निवलेली, अशी स्टाउट एकाच पेल्यात ओतून तो दाट फेस साधत असे. हे हाताचे कसब होते. धातूच्या एकाच पिंपातून, कुणाही नवख्याच्या हातून, तोच फेस कसा आणावा? अ‍ॅशने उत्तर शोधले ते नायट्रोजनमध्ये. कंपनीच्या द्विशताब्दीच्या वर्षी, १९५९ साली, ही नवी तोटी बाजारात आली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस डब्यात बसवलेल्या प्लास्टिकच्या छोट्या गोळ्याने तोच परिणाम घरोघर पोचवला.

साहित्याच्या अभ्यासकाने इथे क्षणभर थांबावे. आज 'अस्सल' म्हणून ज्या फेसाचे कौतुक होते, तो एका जुन्या हस्तकौशल्याची यंत्राने केलेली नक्कल आहे. मूळ कसब लोपले आणि नक्कल परंपरा झाली. लोकगीतांची संकलने, लावणीचे रंगमंचीय अवतार, ओवीचे छापील रूप यांविषयी बोलताना आपण ज्या गुंत्यात सापडतो, तोच गुंता बिअरच्या पेल्यातही आहे. विद्यार्थ्याला आमचे पहिले सांगणे हेच होते : ही तोटी 'मूळ' चव देईल या समजुतीने ती घेऊ नये. ती एक चांगली नक्कल देते, आणि नक्कलही आनंदाची असू शकते.

२

या दोन वायूंच्या इतिहासात एक गमतीचा योग आहे. लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत असे. आंबवणाच्या पिंपांवर साचणाऱ्या वायूवर त्याने प्रयोग केले आणि पाण्यात तो वायू भरण्याची रीत १७७२ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. सोडावॉटरचा उगम तो हा. त्याच वर्षी एडिंबरोच्या डॅनिएल रदरफोर्डने हवेतला तो भाग वेगळा काढून दाखवला, ज्यात दिवा विझतो आणि प्राणी गुदमरतो. तोच नायट्रोजन. आपल्याकडे १७७२ म्हटले की थेऊर आणि थोरल्या माधवरावांचा मृत्यू आठवतो. दोन इतिहास एकाच वर्षात शेजारी उभे असतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. बरोबर शंभर वर्षांनी, १८७२ च्या सुमारास, हायरम कॉड या इंग्रजाने गळ्यात काचेची गोटी असलेल्या बाटलीचे पेटंट घेतले. ती बाटली इंग्लंडमधून गेली, पण आपल्या एस.टी. स्टँडांवर आणि जत्रांत गोटीसोडा म्हणून राहिली.

नायट्रोजन मात्र आपल्याकडे पेयात आलाच नाही, असे सुरुवातीला आम्हांला वाटले. मग ध्यानात आले की रवीने घुसळलेल्या ताकावर जो फेस चढतो, तो हवेचा, म्हणजे चार पंचमांश नायट्रोजनचाच असतो. सोड्याचा फेस चटकन बसतो आणि ताकाचा रेंगाळतो, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. त्यामागे दुधातली प्रथिने आहेत, तसाच वायूचा स्वभावही आहे. शब्दाच्या बाजूने पाहिले तर 'नायट्रो' हा श्रीरामपूरकराला परका नाहीच. त्याचे मराठी नाव 'नत्र'. नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक खतदुकानात उच्चारली जाते. कृत्रिम रेतन करणारा पशुवैद्यक थंडगार द्रवरूप नत्राचे भांडे मोटारसायकलला बांधून वाडी-वस्तीवर जातो. आमच्या विद्यार्थ्याचे वडील युरियाच्या गोण्या वाहत आणि मुलगा तोच नत्र सिलिंडरमधून तळघरात आणू पाहतो. नत्राने उसाला साखर दिली, साखरेने आंबवणाला मद्यार्क दिला. साखळी एकच आहे.

३

आता आपल्या भूमीवर यावे. अमेरिकेतल्या तळघरात आज जे निर्धोकपणे चालते, ते तिथेही फार जुने नाही. १९२० ते १९३३ या काळात तिथे देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने केंद्रीय कायदा बदलला : एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला दोनशे गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर बिअर स्वतःपुरती करता येऊ लागली. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ मध्ये ती परवानगी दिली.

आपल्याकडे या प्रश्नाची वाट उलटी गेली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली खुला झाला. बेलापूर रोड या ठाण्याभोवती पुढे जे गाव वाढले, तेच श्रीरामपूर. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. तोवर दारू गाळणे हा विखुरलेला उद्योग होता. गावोगावच्या लहान भट्ट्या, ताडी-माडीची झाडे, आदिवासींच्या घरातले मोहाचे मडके. नव्या व्यवस्थेने गाळप सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्ट्यांत एकवटले आणि विक्रीचे मक्ते दिले. १८९२ चा मोहाविषयीचा कायदा तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जमवण्यावर आणि बाळगण्यावरच आला. ज्याच्या अंगणात फूल पडते त्यानेच ते उचलले तर गुन्हा, अशी स्थिती झाली. दक्षिण गुजरातमधल्या मद्यपानाचा इतिहास लिहिणारे डेव्हिड हार्डिमन यांनी या स्थित्यंतराचे वर्णन रूढीचा गुन्हा होणे अशा अर्थाचे केले आहे. सरकारला दारू नको होती असे नव्हे. सरकारला घरची दारू नको होती, कारण तिच्यावर कर बसत नाही.

याच्या विरोधात जे उभे राहिले त्यांचेही म्हणणे आठवावे. महात्मा फुले यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना हरकत घेतली. १९०८ साली टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या गुत्त्यांसमोर निरोधन झाले. सरकार महसुलासाठी रयतेला पाजते, हा दोघांच्याही टीकेचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर तोच नैतिक आवेग राज्याच्या हाती आला आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे. बाराव्या कलमाने परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई आहे. तेरावे कलम त्याही पुढे जाते. मद्य तयार करण्यासाठी कोणतेही साहित्य, भांडे, अवजार वा उपकरण जवळ बाळगणेसुद्धा ते निषिद्ध ठरवते. आमच्या विद्यार्थ्याची दोन तोट्यांची चौकट, काचेची घनतामापी, पोलादी पिंपे हे सर्व श्रीरामपुरात त्याच्या घरी असते, तर बिअरचा थेंब नसतानाही तो गुन्हेगार ठरू शकला असता. कायद्याच्या नजरेत त्याचे तळघर आणि ओढ्याकाठची हातभट्टी यांत फरक नाही.

फरक अर्थातच आहे. बिअर केवळ आंबवलेली असते, गाळलेली नसते. विषारी दारूने माणसे मरतात ती बहुधा तिच्यात मिसळलेल्या मिथेनॉलमुळे. फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या धामधुमीत, आपल्याच जिल्ह्यातल्या पांगरमल गावी मेजवानीत वाटलेल्या विषारी दारूने अनेकांचे प्राण घेतले. त्यामुळे कायद्याची ही व्यापक जरब निव्वळ वसाहतवादी वारसा आहे, असे म्हणून हात झटकणे आम्हांला जमत नाही. ज्या बाईचा भाऊ गेला, तिच्यासमोर 'रूढी' आणि 'गुन्हा' यांची चर्चा फार काळ टिकत नाही.

४

पण ज्या तालुक्यात घरी मडके ठेवणे गुन्हा आहे, त्या तालुक्याच्या अर्थकारणात मद्यार्काला मोठे स्थान आहे, हेही तितकेच खरे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या उजव्या आणि डाव्या कालव्यांनी दुष्काळी पट्ट्याचे रूप पालटले. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३३ साली महादेव दहाणूकर यांच्या महाराष्ट्र शुगर मिल्सची स्थापना झाली आणि टिळकनगर ही वसाहत वसली. १९५० पासून शेजारच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला सहकारी कारखाना गाळप करू लागला. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ही कथा साखरेपाशी संपते.

साखर झाल्यावर उरते ती मळी. काळी, चिकट, तीव्र वासाची. तिच्यात साखरेचा अंश असतो, पण तो दाणेदार होत नाही. ती फेकून द्यावी तर पाणी नासते, साठवावी तर जागा अडते. आंबवून गाळली तर मद्यार्क मिळतो. म्हणजे प्रत्येक कारखान्यापुढे कधी ना कधी आमच्या विद्यार्थ्याचाच प्रश्न उभा राहिला : आणखी एक तोटी बसवावी काय? अनेकांनी ती बसवली. टिळकनगरचा उद्योग आज साखरेसाठी नव्हे, तर ब्रँडीसाठी देशात ओळखला जातो. तिथली 'मॅन्शन हाऊस' मुख्यतः दक्षिणेकडच्या राज्यांत खपते. टिळकांच्या नावाशी १९०८ चे निरोधन जोडणाऱ्या मराठी मनाला या ग्रामनामापाशी अडखळायला होते. त्यात उपरोध शोधणे सोपे आहे. आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. या डिस्टिलरीच्या पगारावर तालुक्यातली किती घरे उभी राहिली आणि त्या घरांतली किती मुले आमच्या वर्गात बसली, याचाही हिशेब उपरोधाने चुकता होत नाही.

अलीकडे मळीला आणखी एक तोटी फुटली आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. आता ऊस गाड्याही चालवतो. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेचा तुटवडा पडेल या भीतीने केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा कारखान्यांची झालेली तारांबळ इथल्या वर्तमानपत्रांचा रोजचा विषय होती. साखर, दारू, इंधन. कुठली तोटी केव्हा उघडायची, हे ठरवणारा हात मात्र दरवेळी ऊस लावणाऱ्याचा वा तोडणाऱ्याचा नव्हता.

वाइनच्या बाबतीत राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणून उत्तेजन दिले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दालनांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. एकाच जिल्ह्यात डिस्टिलरीही आहे आणि व्यसनमुक्तीचे गावही. गावातले दुकान बंद करायचे असेल तर बायकांच्या मतदानात 'उभी बाटली' आणि 'आडवी बाटली' अशी चिन्हे असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर मत दिले की परवान्याचे दुकान बंद होते. आमच्या विद्यार्थ्याच्या आईने याच मतदानासाठी पायपीट केली. मात्र परवाना नसलेल्या हातभट्टीवर मतदान घेता येत नाही. भाऊ जिच्यामुळे गेला ती भट्टी त्या मतपत्रिकेत नव्हतीच.

५

मराठी साहित्यात हे सारे कुठे आहे? गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्याआधी १९१३ साली खाडिलकरांनी 'विद्याहरणा'त शुक्राचार्यांच्या मद्यासक्तीचा विषय हाताळला होता. या नाटकांचा नैतिक आणि वाङ्मयीन प्रभाव आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो. पण या पत्राच्या निमित्ताने पुन्हा वाचताना एक गोष्ट आम्हांला टोचली. ही सारी नाटके पेल्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. सुधाकराच्या हातात प्याला आहे, तळीरामाची मंडळी आहे, सिंधूची परवड आहे. पण ती दारू आली कुठून? कुणी गाळली, कुणी विकली, कराचा पैसा कुणाकडे गेला? फुले आणि टिळक ज्यावर बोट ठेवत होते, तो महसूल रंगमंचावर येत नाही. मद्यपान ही तिथे एका सुशिक्षित पुरुषाच्या मनाची शोकांतिका होते. ती महान शोकांतिका आहे, याविषयी दुमत नाही. पण दारू करणारा माणूस मराठी साहित्यात दिसायला १९७० नंतरची दलित आणि भटक्या-विमुक्तांची आत्मकथने यावी लागली. तिथे भट्टी आहे, पोलिसांची धाड आहे, हप्ता आहे आणि त्या विक्रीवर चाललेली चूलही आहे. प्याल्याचे साहित्य आणि भट्टीचे साहित्य या दोहोंमध्ये आपल्या अभ्यासक्रमाने पूल बांधला नाही. दोन्ही वेगवेगळ्या सत्रांत शिकवली जातात.

भाषेने मात्र एक विलक्षण दुवा ठेवला आहे. इंग्रजीत वेड लागल्याला 'डूलाली' म्हणतात. मूळ प्रयोग 'डूलाली टॅप' असा. तो नाशिकजवळच्या देवळालीचा. तिथल्या लष्करी तळावर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई महिनोन्महिने पडून राहत. उकाडा, कंटाळा आणि दारू यांनी त्यांचे डोके फिरे. त्यातला 'टॅप' म्हणजे तोटी नव्हे, तो आपला 'ताप'. २००९ साली पुण्यात सुरू झालेल्या राज्यातल्या आरंभीच्या सूक्ष्ममद्यनिर्मितीगृहाने, ज्याला सर्वजण मायक्रोब्रुअरीच म्हणतात, 'डूलाली' हेच नाव घेतले. आमच्या शेजारी राहुरी तालुक्यातही एक देवळाली आहे, देवळाली प्रवरा. पण तिच्या वाट्याला इंग्रजी शब्दकोश आला नाही. तोटीला जो 'टॅप' म्हणतात तो शब्द वेगळा, हे आम्ही जाणतो. तरी विद्यार्थ्याचे पत्र पुन्हा वाचताना त्या दोन उच्चारांची सरमिसळ टाळणे आम्हांला जमले नाही. त्याला हवी होती तोटी, आणि डोक्यात होता ताप.

६

आम्ही त्याला जे लिहिले त्याचा सारांश असा.

तोटीचे म्हणशील तर घाई करू नकोस. नायट्रोची तोटी भाजक्या माल्टच्या काळ्या, कमी कडू बिअरला शोभते. हॉप्सच्या सुगंधावर उभ्या असलेल्या बिअरला ती मारक ठरते, कारण चटक्याबरोबर सुगंधाची धारही बोथट होते. तुझ्याकडे वर्षाला काळ्या बिअरची किती पिंपे होतात, ते मोज. एक-दोनच होत असतील, तर निराळा सिलिंडर, निराळा दाबनियंत्रक आणि सतत साफ ठेवावी लागणारी नळी यांचा संसार मांडण्यात अर्थ नाही. मन वळत नसेल तर आधी औषधाच्या दुकानातून सुई नसलेली सिरिंज आण. पेल्यातली थोडी बिअर तिच्यात ओढून घे आणि जोराने पुन्हा पेल्यात सोड. हवेतला नत्र फुकट असतो, फेस दाट येतो. रवीचेच हे काम. तो फेस तुला आणि मित्रांना महिनाभर भावला, तर तोटी घे. आणि घेतलीस तर पिंपात आधी फार वायू भरू नकोस, नाहीतर पेल्यात नुसता फेसच उतरेल.

कुलपाचे म्हणशील तर ते लावू नकोस. तुझ्या आईने आयुष्यभर ज्या दारूशी भांडण केले, ती कुलपाआडच होती : ओढ्याकाठी, उसाच्या फडात, परवान्याच्या आणि हप्त्याच्या पडद्यामागे. तू जे करतोस ते तुझ्या राहत्या देशात कायदेशीर आहे, मोजून आहे, विकण्यासाठी नाही. ते झाकलेस तर तू स्वतःच त्याला हातभट्टीच्या रांगेत बसवतोस. तिला ते आवडणार नाही हे शक्य आहे. तिचा तो अधिकार मामाच्या मरणाने मिळालेला आहे आणि त्यापुढे तुझ्या छंदाने नम्र असावे. ती म्हणाली की सहा महिने पिंपे रिकामी ठेव, तर ठेव. पण ठरवताना तिच्यासमोर सारे मांडलेले असू दे.

हे लिहिताना आम्ही थोडे अवघडलो, हे कबूल करायला हवे. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या घरात किती डोकवावे, याला मर्यादा असते. शिवाय आमचे उत्तर एका सुस्थित माणसाला दिलेले आहे. तेच उत्तर आम्ही मोहाचे मडके बाळगणाऱ्या अकोल्याच्या आदिवासी बाईला देऊ शकत नाही, कारण तिच्यासाठी तेरावे कलम आहे. एकाच भाषेच्या दोन माणसांपैकी एकाचा छंद होतो आणि दुसरीचा गुन्हा. ही विषमता तोटी घेतल्याने मिटत नाही, न घेतल्यानेही मिटत नाही. तिची नोंद ठेवणे एवढेच आमच्या हाती होते.

जूनमध्ये त्याचे उत्तर आले. आई पोचल्या. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांना तळघरात नेले. त्या वेळी एका भांड्यात बिअर आंबत होती. त्यांनी झाकणाशी नाक नेले, थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "याला मळीचा वास नाही." मग त्याने त्यांना माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, हे दाखवले. नाचणीला मोड आणतात तसेच, असे त्या म्हणाल्या. चव घेण्याचा प्रश्नच नव्हता, पिंपे रिकामी करण्याविषयीही त्या काही बोलल्या नाहीत. वर येताना मात्र एवढेच म्हणाल्या, "पोरांसमोर पीत जाऊ नको."

तोटी त्याने अजून घेतलेली नाही. सिरिंज घेतली आहे.